मेरी मॅकगी : विक्रम आणि वेतन

मोटारसायकलच्या शर्यतींविषयी या पानावर लिहिले जाण्याचे प्रसंग विरळाच. पेट्रोल जाळीत धूळ उडविणारा हा सुखवस्तू देशांतील शौक. कष्टकऱ्यांच्या प्रश्नांशी बांधिलकी मानणाऱ्यांनी त्याची दखल कशासाठी घ्यावी, असे काही साथी विचारतील. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु एखाद्या व्यवसायात स्त्रीला प्रवेश कसा नाकारला जातो, नकाराचे एक कारण खोटे ठरताच दुसरे कसे पुढे केले जाते, आणि अखेरीस सत्काराची शाल घालून मूळ हिशेब कसा मिटविला जातो, हे पाहावयाचे असेल तर मेरी मॅकगी या अमेरिकन स्त्रीची कारकीर्द पाहण्याजोगी आहे. २७ नोव्हेंबर २०२४ रोजी, तिच्यावरील लघुपट सर्वांसाठी प्रदर्शित होण्याच्या आदल्या दिवशी, वयाच्या ८७ व्या वर्षी तिचे निधन झाले.

मेरीचा जन्म १९३६ सालचा, अलास्कातील जुनो गावचा. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती मोटारींच्या शर्यतींत उतरली आणि मोटारींचे व्यापारी वासेक पोलाक यांच्या सूचनेवरून १९६० साली मोटारसायकलकडे वळली. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाचा परवाना मिळवून रस्त्यावरील शर्यतीत भाग घेणारी ती अमेरिकेतील पहिली स्त्री. पुढे स्टीव्ह मॅक्वीन या नटाने तिला रस्ता सोडून वाळवंटात येण्याचा आग्रह केला, ही गोष्ट तिच्याविषयीच्या प्रत्येक लेखात हटकून येते. एका प्रसिद्ध पुरुषाची शिफारस जोडल्यावाचून स्त्रीचे कर्तृत्व छापण्याजोगे होत नाही, असा वृत्तपत्रांचा समज दिसतो! मॅक्वीनने सुचविले असेल. वाळूत गाडी चालविली ती मेरीने. १९६७ साली ती मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे उंचवटे-खळगे असलेल्या कच्च्या मातीच्या बंदिस्त मार्गावरील शर्यतीत, उतरली. तेथेही अमेरिकेतील पहिली स्त्री तीच.

वाळूवर मोटारसायकल चालविणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. डांबरी रस्त्यावर भीती वाटली की चालक वेग कमी करतो आणि सुरक्षित होतो. वाळूत नेमके उलटे घडते. वेग कमी केला की वजन पुढे येते, पुढचे चाक रुतते आणि चालक फेकला जातो. म्हणून शरीर मागे ठेवून, पायटांवर उभे राहून, हँडल हातात किंचित हलू देत सतत जोर लावीत राहावे लागते. हँडल घट्ट आवळणारा मनुष्य लवकर थकतो. येथे दंडातील ताकदीइतकेच तोल, दम आणि निर्णय यांना महत्त्व आहे. ‘स्त्रीच्या शरीराला हे झेपणार नाही’ या युक्तिवादाची परीक्षा घ्यावयाची तर याहून योग्य जागा सापडणे कठीण.

ती परीक्षा १९७५ साली झाली. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या द्वीपकल्पात होणारी ‘बाहा ५००’ ही शर्यत सुमारे पाचशे मैलांची, म्हणजे आठशे किलोमीटरची. वाळू, दगड, कोरडी नदीपात्रे. एका गाडीवर दोन चालकांनी आळीपाळीने बसावयाचे, ही तेथील सर्वसाधारण पद्धत. कारण एका माणसाच्या हातांनी, पाठीने आणि डोळ्यांनी एवढे अंतर सोसावे ही अपेक्षाच कोणी करीत नसे. मेरी मॅकगीने हस्क्वार्ना गाडीवर ती शर्यत एकटीने पूर्ण केली आणि वाटेत दोन-दोन पुरुषांच्या सतरा जोड्यांना मागे टाकले. ती शर्यत एकट्याने पूर्ण करणारी पहिली व्यक्ती म्हणून तिची नोंद आहे. पहिली स्त्री नव्हे, पहिली व्यक्ती.

शरीराच्या दुर्बलतेचा मुद्दा त्या दिवशी निकालात निघावयास हवा होता. तो निघाला नाही, कारण तो कधीच खरा मुद्दा नव्हता. याच काळातील दुसरे उदाहरण पाहा. केरी क्लाइड या तरुणीला १९७१ साली अमेरिकन मोटारसायकल संघटनेने मोटोक्रॉसचा व्यावसायिक परवाना दिला. ती शर्यतीच्या मैदानावर आली, परवानाधारक स्त्री आहे हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले आणि परवाना काढून घेण्यात आला. तिला न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, तेव्हा कोठे तो परत मिळाला. तिने गाडी कशी चालविली, हा प्रश्न या प्रकरणात उद्भवलाच नाही. १९७४ साली कॅलिफोर्नियात स्त्रियांची पहिली राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धा भरली, तिला नाव दिले गेले ‘पावडर पफ’! चेहऱ्याला पावडर लावण्याच्या गोंड्याचे नाव, हाडे मोडण्याचा धोका पत्करून मातीत उतरणाऱ्या स्त्रियांच्या स्पर्धेला. ते नाव पुढे बदलले. वृत्ती बदलण्यास अधिक काळ लागला.

परवान्याची लढाई जिंकल्यावर दुसरी भिंत दिसू लागते, आणि ती अधिक उंच आहे. मोटोक्रॉस हा केवळ खेळ नव्हे. मोटारसायकल खपविण्याचे ते एक साधन आहे. कारखानदार निवडक चालकांना गाड्या, यंत्रज्ञ आणि पगार देतात, ते त्यांच्या विजयाने गाडी विकली जाते म्हणून. चालक हा या अर्थाने कामगारच. मनगट, खांदा, पाठीचा कणा पणाला लावून तो मालाची जाहिरात करतो. स्त्रीच्या विजयाने गाडी विकली जाणार नाही, असे मालकाने एकदा ठरविले की तिला बंदी घालण्याचीही गरज उरत नाही. ती स्वखर्चाने गाडी घेईल, स्वखर्चाने प्रवास करील, पडली तर स्वखर्चाने इस्पितळात जाईल. दार उघडे आहे, असे मात्र सर्वांना सांगता येते.

ॲश्ली फिओलेक हिची कथा या दृष्टीने बोलकी आहे. जन्मतः कर्णबधिर असलेली ही मुलगी इंजिनाचा आवाज ऐकू येत नसल्याने त्याची कंपने अंगाने जाणून गियर बदलीत असे. २००८, २००९, २०११ आणि २०१२ अशी चार वेळा ती अमेरिकेची विजेती झाली. होंडाच्या अमेरिकेतील अधिकृत चमूत स्थान मिळालेली ती पहिली स्त्री. २००९ पासून स्त्रियांच्या फेऱ्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्याच दिवशी, त्याच प्रेक्षकांसमोर होत होत्या. २०१२च्या हंगामानंतर त्या तेथून हलविण्यात आल्या. प्रेक्षक गेले, त्यांच्यामागे पुरस्कर्ते गेले. अलीकडे त्या पुन्हा मोठ्या मैदानांवर येऊ लागल्या आहेत. पण मधल्या दशकात ज्यांची उमेदीची वर्षे सरली त्यांना ती कोण परत देणार? जागतिक पातळीवर स्त्रियांचे अजिंक्यपद २००८ साली सुरू झाले, तरी आजही त्यांच्या वाट्याला पुरुषांच्या एक तृतीयांशाच्या आसपासच फेऱ्या येतात.

मेरी मॅकगीला २०१८ साली अमेरिकन मोटारसायकल संघटनेच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. बाहातील त्या पराक्रमाला तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती. सत्काराबद्दल तक्रार नाही. मात्र एकटीच्या असामान्य धैर्याचे गोडवे गाताना, सामान्य धैर्याच्या शेकडो मुलींसाठी या व्यवसायात जागा का निर्माण झाली नाही, या प्रश्नाला बगल देणे फार सोपे होते. मालकवर्गाला आख्यायिका परवडते, कारण तिला मासिक पगार द्यावा लागत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. बंगळूरच्या ऐश्वर्या पिसे हिने २०१९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाच्या बाहा विश्वचषकात स्त्रियांच्या गटात विजेतेपद मिळविले. दुबईच्या वाळूत तिने त्या मोहिमेचा आरंभ केला होता. पुण्यासारख्या शहरात १९७०च्या दशकात आलेल्या लुनापासून आजपर्यंत कामावर जाणाऱ्या स्त्रियांच्या दोन-तीन पिढ्या दुचाकीवर वाढल्या आणि त्यांच्या खरेदीवर कारखानदारांनी मोठी कमाई केली. त्याच कारखानदारांना विचारले पाहिजे : तुमच्या शर्यतीच्या चमूत पगारी स्त्रिया किती? त्यांच्या कराराची मुदत किती? अपघातानंतर त्यांचा पगार चालू राहतो काय? आणि स्पर्धा भरविणाऱ्या संस्थांना विचारावे, की स्त्रियांची फेरी प्रेक्षक येण्यापूर्वी सकाळीच का उरकली जावी, आणि बक्षिसाच्या दोन्ही रकमा एकाच फलकावर शेजारी शेजारी लिहिण्यास अडचण कोणती?