पाऊस पडला की गळ पेटीत

माझा भाचा डोंबिवलीत राहतो आणि माइनक्राफ्टमध्ये मासे खाऊन जगतो. तीन काड्या, दोन दोरे, झाला गळ तयार. पाण्यात टाकायचा, बुडबुडे जवळ आले की ओढायचा. कॉड भट्टीत ठेवला की दहा सेकंदांत शिजतो. खवले काढणं नाही, कल्ले उपटणं नाही, हाताला वास नाही. परवा त्यानं मला गुपित सांगितलं, "मामा, पाऊस पडत असला ना, की मासे लवकर लागतात."

खरंच तसं आहे. आणि माझं या गेमशी भांडण इथेच आहे.

पोरांच्या हातातून मोबाईल काढून घ्या, असं मी म्हणणार नाही. मीही खेळतो. पण 'अरे, गेम आहे तो!' हेही मला ऐकवू नका. कारण हाच गेम जमिनीवर किती काटेकोर आहे बघा. मटण हवं तर दोन मेंढ्या राखाव्या लागतात, त्यांना गहू चारावा लागतो, कोकरू मोठं व्हायला वीस मिनिटं थांबावं लागतं. गहू पेरला तर तो पिकायची वाट बघावी लागते. पाण्याला मात्र यातला एकही नियम नाही. घराच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओता आणि त्यातून जन्मभर मासे काढा. आजूबाजूला पोहणारे मासे गळाला लागतच नाहीत. लागतो तो मासा त्याच क्षणी कुठूनसा तयार होतो. त्याला आई नाही, अंडी नाहीत, मोसम नाही. भुकेची पट्टी खेळणाऱ्याला आहे, पाण्याला नाही.

म्हणजे जगायचं फक्त खाणाऱ्यानं. याला सर्व्हायव्हल म्हणायचं?

आपल्याकडे नियम बरोबर उलटा आहे. 1 जून ते 31 जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण समुद्र खवळलेला असतो आणि माशांचा अंडी घालण्याचा काळही हाच. कायद्याच्या आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायची कोळ्यांची रीत आहे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या कुठल्याही आजीला विचारा, पावसाळ्यात घर कशावर चालतं? सुकट, सुके बोंबील, वाकटी. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली मासळी म्हणजे थांबता यावं म्हणून केलेली तयारी. खरं सर्व्हायव्हल ते.

पण आपणही धुतल्या तांदळाचे नाही. पहिल्या पावसात कल्याण-मुरबाडकडे मासे ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात. हे वलगणीचे मासे. पोट गाभोळीनं भरलेलं, म्हणून चवीला भारी. मीही चाटूनपुसून खाल्लेत. भाच्याचा नियम मी त्याच्या आधीपासून पाळत आलोय : पाऊस पडला की मासे लवकर लागतात.

आणि शहर म्हणून तर आपण तो गेम रोजच खेळतो. पाणी कधी संपत नाही, मरत नाही, असं धरून चालतो. डोंबिवलीत 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला, 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला. आपण फोटो काढले, फॉरवर्ड केले. अंबरनाथ-उल्हासनगरमधून काळी होऊन आलेली वालधुनी कल्याणला उल्हास नदीला मिळते, तिथून सगळं खाडीत. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. आपण फ्लेमिंगोचे रील बनवले. फ्लेमिंगोच्या पायाखालच्या चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या कशा जगत असतील, हे कुणी विचारलं? गेममध्ये गळाला कधीकधी फाटका बूट लागतो, तेव्हा पोरं हसतात. खाडीत जाळं टाकणाऱ्याला प्लास्टिक लागतं, तेव्हा त्याचा दिवस बुडतो.

गेम बनवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. मेंढीला कोकरू देता, तर माशालाही अंडी द्या. तळं उपसलं तर ते रिकामं होऊ द्या. पोरांना ते कठीण जाणार नाही. त्यांनी याहून कठीण गोष्टी एका रात्रीत शिकलेल्या असतात.

तोवर आमच्या घरात नियम ठरलाय. गेममध्ये पाऊस सुरू झाला की गळ पेटीत. भाचा म्हणाला, "मग मी उपाशी मरेन." म्हटलं, गहू पेर. आणि जून-जुलैत मामाच्या ताटात गाभोळी दिसली, तर ताट ओढून घ्यायचा हक्क तुझा.