भाव आधी, बघणं नंतर!

परवा धारूरहून मित्राचा फोन. काकांच्या कृषी सेवा केंद्रासाठी ॲप करायचंय, उधारीच्या हिशोबासकट. एजन्सीने व्हॉट्सॲपवरच ८० हजार सांगितले, निम्मे ॲडव्हान्स. 'जास्त होतात का रे?' मला प्रश्न पडला, दुकान न बघता आकडा सांगितलाच कसा?

तुमच्या घरी शेती असेल तर 'ई-पीक पाहणी' ॲप माहीत असेलच. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते राज्यभर सुरू झालं. शेतात जाऊन पिकाचा फोटो काढायचा, नोंद सातबाऱ्यावर. सांगायला एका ओळीचं काम! प्रत्यक्षात सर्व्हर अडकला, शिवारात रेंज नाही, नोंद चुकली तर तलाठ्याकडे चकरा. मग २०२२ च्या खरिपात सुधारित ॲप आलं. ४८ तासांत चूक स्वतःच दुरुस्त करता येऊ लागली. गटापासून लांब उभं राहून फोटो काढला तर तसा संदेश येऊ लागला. या गरजा कळायला एक अख्खा हंगाम लागला.

हेच काम एखाद्या एजन्सीने ठरलेल्या रकमेत घेतलं असतं तर? प्रत्येक सुधारणा 'चेंज रिक्वेस्ट', बिल वेगळं. एजन्सी फसवतेच असं नाही. कमी भाव सांगणाऱ्याला काम मिळतं, म्हणून अंदाजातून पहिली कात्री टेस्टिंगला लागते. शिवाय १८ टक्के जीएसटी, सर्व्हरचं भाडं, ओटीपीचे एसएमएस आणि गूगलच्या नियमांप्रमाणे दरवर्षीचं अपडेट हे कोटेशनमध्ये आहे की नाही, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे 'उचल' कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ऊसतोडीत उचल घेणारा अडकतो. इथे उलटं, देणारा अडकतो. निम्मे पैसे गेले, कोड त्यांच्याकडे, प्ले स्टोअरचं खातंही त्यांच्याच नावावर. ते खातं काढायला एकदाच २५ डॉलर लागतात, ते काकांच्याच नावावर काढा, असं मी आधी सांगितलं. आणि पैसे टप्प्याटप्प्याने, चालणारं काहीतरी हातात आल्यावरच.

मित्राने एजन्सीला विचारलं, 'पेरणीच्या गर्दीत दोन दिवस दुकानात येऊन बसाल का?'

'त्याचे वेगळे लागतील.'

मी म्हटलं, तेच आधी दे. ८० हजारांचं नंतर बघू.