पंचांग, पाऊस आणि झेंडू



कापूस-ज्वारी परवडत नसेल तर झेंडू लावा, असा सल्ला हल्ली व्यासपीठावरून सर्रास दिला जातो. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा भाव ऐकला की कोणाचेही मन पाघळते. झेंडूला आमचा विरोध नाही. पण या पिकाचे आणि हवामानाचे गणित समजल्याशिवाय कोरडवाहू शेतकऱ्याने त्यात उतरू नये.

झेंडूला सौम्य हवा मानवते. साधारण १५ ते २९ अंशांत झाड जोमाने वाढते. पारा ३५ च्या वर गेला की फूल लहान राहते. रानात पाणी साचले की मूळ कुजते. दमट हवेत करपा येतो, उघडीप लांबली तर लाल कोळी. असे संकट प्रत्येक पिकावर असते. पण कापसाची कवडी झाली, ज्वारी काळी पडली, तरी ती कमी भावाने का होईना विकली जाते. भाव नसेल तर चांगला कापूस काही दिवस घरात ठेवता येतो. भिजलेले फूल मात्र ढिगात सडते, आणि दसरा उलटला की चांगल्या फुलाचाही भाव कोसळतो.

पंचांग आणि पाऊस यांचा मेळ बसेलच असे नाही. अधिक महिन्यामुळे २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला आला. लागवडीनंतर फूल यायला सुमारे दोन महिने लागतात, म्हणजे रोपे ऑगस्टअखेर लावायची. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. तोडणी तोंडावर आली असताना, सप्टेंबरात, मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतेच्या शेते पाण्याखाली गेली.

म्हणून आमचे सांगणे असे. विहिरीला दोन पाळ्यांचे पाणी असेल आणि रान निचऱ्याचे असेल, तरच झेंडू लावा. लावाल तो थोडा लावा, सरी-वरंब्यावर लावा. वीस दिवसांच्या अंतराने दोन टप्पे करा, म्हणजे दसरा हुकला तरी दिवाळी उरते. पाणी नसेल त्याने कापसाच्या कडेने दोन ओळी घालाव्यात. अमेरिकन बोंडअळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो. मात्र गुलाबी बोंडअळी त्याला फसत नाही, तेव्हा कामगंध सापळे सोडू नका. आणि ई-पीक पाहणीत झेंडूची नोंद न चुकता करा.

कापूस-ज्वारीला निदान कागदावर तरी हमीभाव आहे. झेंडूला तोही नाही. पीक बदला म्हणणाऱ्याचे काहीच बुडत नाही, बुडते ते आपले बी, खत आणि मजुरी. ज्यांना आम्ही फुले पिकवावीत असे वाटते, त्यांनी फुलांच्या नुकसानीचीही जबाबदारी घेतली पाहिजे. ही मागणी येत्या जिल्हा बैठकीत ठरावाने मांडायची आहे. गावागावातून तयारीने या.