गाईडात न सापडणारा मार्क ट्वेन

आमच्या नांदेड-लातूरकडे इंग्रजी साहित्य घेऊन पदवी मिळवणारी मुलेमुली थोडी नाहीत. त्यांना मार्क ट्वेनविषयी विचारावे, तर उत्तर ठरलेले असते. खरे नाव सॅम्युएल क्लेमेन्स, जन्म १८३५, मृत्यू १९१०, थोर अमेरिकन विनोदकार. मागोमाग त्याच्या विनोदाची पाच-सहा वैशिष्ट्ये गाईडातल्या क्रमाने बाहेर पडतात. मूळ पुस्तक वाचले काय, असे विचारताच मात्र शांतता पसरते. आमचा आक्षेप या शांततेवर आहे. ट्वेनचा ग्रंथ न वाचता त्याच्यावर गुण मिळवता येतात, ही गोष्ट शिक्षणाला लाजिरवाणी आहेच. परंतु आपणां ख्रिस्ती कुटुंबांचे त्यात त्याहून मोठे नुकसान आहे.

‘हकलबरी फिन’ ही १८८४ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी घ्या. मिस वॉटसन ही भाविक स्त्री अनाथवत हकला प्रार्थना शिकवते, नरकाची भीती घालते. आणि तीच आपल्या जिम नावाच्या गुलामाला आठशे डॉलरांना दूर दक्षिणेत विकण्याचा विचार करते. जिम पळतो. हक त्याच्यासोबत तराफ्यावरून मिसिसिपी नदीतून प्रवास करतो. पुढे त्याचे मन त्याला खाऊ लागते. दुसऱ्याची ‘मालमत्ता’ पळवण्यास मदत करणे हे पाप, असे त्याच्यावर बिंबवलेले असते. तो मालकिणीला पत्र लिहून जिमचा पत्ता कळवू पाहतो. पत्र लिहिताच त्याला पापमुक्त झाल्यासारखे वाटते. मग जिमची माया आठवते आणि नरक पत्करून तो ते पत्र फाडतो.

येथे हसावे की रडावे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सदसद्विवेकबुद्धीला माणसाच्या अंतरीचे पवित्र स्थान मानले, तशीच ती पापाच्या सवयीने आंधळी होऊ शकते, असेही बजावले. हकची विवेकबुद्धी अशीच प्रतिष्ठित समाजाने आंधळी केलेली आहे. त्याचे अंतःकरण मात्र डोळस आहे. ट्वेनचे बालपण मिसुरी या गुलामगिरीच्या राज्यात गेले. तेथे गुलामगिरीला धर्मपीठाचाच पाठिंबा होता, हे त्याने आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे. त्याच कादंबरीत पिढीजात वैर असलेली दोन घराणी बंदुका घेऊन चर्चमध्ये बसतात, बंधुप्रेमावरील प्रवचनाची तोंड भरून स्तुती करतात आणि दुसऱ्याच दिवशी एकमेकांचे रक्त सांडतात. हे केवळ परक्या देशाचे चित्र आहे काय? १९७८ साली विद्यापीठ नामांतराचा ठराव झाल्यावर आमच्याच मराठवाड्यात दलितांची घरे जाळण्यात आली. जाळणारे हात देवापुढे रोज जोडले जाणारेच हात होते.

कोणी म्हणेल, हा बालवाङ्मयाचा लेखक. ज्याने असे म्हणावे, त्याने वरचा प्रसंग पुन्हा वाचावा. कोणी म्हणेल, त्याची भाषा ग्राम्य. १८८५ साली अमेरिकेतील कॉन्कॉर्डच्या ग्रंथालयाने याच कारणाने ते पुस्तक बाहेर काढले होते. कृष्णवर्णीयांसाठी त्यात वारंवार येणारा हीन शब्द आजही वाचकांना बोचतो आणि तो बोचलाच पाहिजे. २०११ साली एका प्रकाशकाने तो बदलून ‘गुलाम’ असा शब्द घातला. आमच्या मते अपमानाचा शब्द पुसल्याने अपमानाचा इतिहास पुसला जात नाही. दलित आत्मकथने वाचलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक आक्षेप आपल्याच मंडळींचा: ट्वेन चर्चची थट्टा करतो. करतो, हे खरे. ‘इनोसन्ट्स अब्रॉड’मध्ये (१८६९) युरोपातील पवित्र अवशेषांची त्याने मनसोक्त टर उडवली आहे. परंतु याच लेखकाने संत जोन ऑफ आर्कवर ग्रंथ लिहिला. तो १८९६ साली प्रसिद्ध झाला, जोनला संतपद मिळण्याच्या चोवीस वर्षे आधी. आपल्या सर्व ग्रंथांत तोच श्रेष्ठ, असे तो मानीत असे. थट्टेला घाबरून ज्यांनी ट्वेन मिटून ठेवला, ते या भक्तीलाही मुकले.

त्याच वर्षीच्या जानेवारीत ट्वेन मुंबईला आला होता. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात (१८९७) हॉटेलातला एक युरोपीय माणूस नोकराच्या मुस्कटात मारतो. नोकर मुकाट्याने सोसतो आणि ट्वेनला आपल्या बालपणीचे मार खाणारे गुलाम आठवतात. त्याच पुस्तकात मॅन्युएल नावाचा त्याचा गोव्यात जन्मलेला नोकर भेटतो. आपण ख्रिस्ती आहोत असे तो सांगतो आणि त्याच दमात उच्च जातीचे ब्राह्मण असल्याचेही अभिमानाने सांगतो. ट्वेनने विनोद म्हणून टिपलेला हा संवाद वाचताना आमचे हसू ओठांवरच थिजते. बाप्तिस्म्याचे पाणी जातीपर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न सोयरीक जुळवताना आपल्या घराघरांत आजही उभा असतो.

‘लातूर पॅटर्न’चा उगम ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयात झाला, त्याचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. पुढे १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दुःख मराठी वाचकाला समजावून सांगण्याची परंपरा या मातीत आहे. मग आमच्या मुलांनी या परंपरेतून फक्त गुणांचे गणितच का उचलावे? परीक्षेचा सराव वाईट नव्हे. परंतु प्रश्नसंच सोडवून विवेक घडत नाही.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. शिक्षकांनी वर्गात मूळ ग्रंथ उघडावा. धर्मग्रामाच्या युवक मंडळाने ‘हकलबरी फिन’ घ्यावे, आठवड्याला दोन प्रकरणे वाचावीत, इंग्रजी अवघड गेल्यास कोणा जाणत्याने मराठीत उलगडून सांगावे. आईवडिलांनी त्या वाचनाला बसावे. रोज झोपण्यापूर्वी आपण विवेकपरीक्षण करतो, ते पापांची यादी आठवून. परंतु ती यादी आपल्याला कोणी शिकवली आणि तिच्यातून कोणती पापे सोयीने गाळली, हे हा विनोदकार विचारतो. या प्रश्नाला गुण नाहीत आणि गाईडात त्याचे उत्तरही नाही.