कापसाचा ताणकाटा आणि सायकलचा नट

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात आणि अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून मुलींच्या सायकली रस्त्यावर येतात. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पाच हजार रुपयांची मदत मिळते. मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके त्यातलेच. योजना चांगलीच आहे. पण त्या पैशात फक्त सायकल येते, तिचे नट किती आवळायचे हे सांगणारं कोणी येत नाही. हे शिकवायला एक दुपार पुरते, आणि त्यासाठी लागणारं मोजमापाचं साधन वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्या घरांत पडून आहे. म्हणून हे काम शाळेनेच हाती घ्यावं.

नट आवळताना बोल्ट किंचित लांबतो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. जोड टिकतो तो या दाबावर. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली दाखवून दिलं, की जोडलेले भाग कंपनाने आडवे सरकू लागले की नट आपोआप उलटा फिरतो, आणि ते सरकणं थांबवतो तो हा दाबच. आपल्याकडे कंपनाला तोटा नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता खालीवर होत राहतो. अशा रस्त्यावर ढिला राहिलेला मागच्या चाकाचा नट थोडा थोडा फिरत जातो, चाक तिरकं होतं आणि चेन उतरते. उलट, पान्याला लोखंडी नळी लावून आवळलेल्या बोल्टचे आटे जातात, किंवा तो मर्यादेबाहेर ताणला जाऊन पुढे कधीतरी अचानक तुटतो. हँडलचा बोल्ट असा तुटला तर सायकलस्वार तोंडावरच पडतो. ‘जास्त आवळलेलं बरं’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

किती आवळायचं हे मोजायला टॉर्क रेंच नावाचा पाना मिळतो, पण खेड्यातल्या सायकल दुकानात त्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते, त्यामुळे वजनाचा आकड्याचा ताणकाटा मात्र घरोघरी असतो. पान्याच्या टोकाला सुतळीचा फास बांधून त्यात काट्याचा आकडा अडकवायचा आणि पान्याशी काटकोन राखून सावकाश ओढायचं. नटाच्या मध्यापासून फासापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यायचं, त्याला काट्यावरच्या किलोंनी गुणायचं आणि दहाने भागायचं, की न्यूटन-मीटरमधलं उत्तर जवळपास बरोबर येतं. मागच्या चाकाच्या नटाला साधारण 30 न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे 15 सेंटिमीटरवर 20 किलोची ओढ. नव्या धाटणीच्या सायकलींच्या हँडलवर जे बारीक 5 मिलिमीटरचे बोल्ट असतात, त्यांना 5 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे 10 सेंटिमीटरवर जेमतेम 5 किलो. शाळेत तरफ शिकलेल्या मुलीला हा हिशोब जड जाणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मिस्तरीच्या हाताला अंदाज असतोच. असतो, आणि तो मानायलाच हवा. पण तो हात लोखंडी सायकलींवर तयार झाला आहे. ॲल्युमिनियमच्या भागात बोल्ट बसतो तिथे तोच जोर आटे खातो. शिवाय हा अंदाज मिस्तरीपाशी राहतो, मुलीपाशी येत नाही. मोजमाप मात्र दुसऱ्याला शिकवता येतं. दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे: कापसाचा काटा काही प्रयोगशाळेतलं उपकरण नव्हे. खरं आहे, पण आवळण्याच्या जोरातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला उरतो तो दहावा हिस्सा. आटे गंजले किंवा धुळीने भरले की हे गणित बदलतं. त्यामुळे महागड्या टॉर्क रेंचनेही बोल्टमधला खरा ताण पंचवीस-तीस टक्के इकडेतिकडे होतोच. तेव्हा काट्याच्या थोड्या चुकीची चिंता करण्यापेक्षा आटे फडक्याने पुसून तेलाचा एक थेंब सोडणं जास्त मोलाचं. तेल लावल्यावर मात्र ओढ थोडी कमीच ठेवायची, कारण घर्षण घटलं की त्याच जोरात बोल्ट अधिक ताणला जातो. कार्बन फायबरच्या महागड्या सायकलींना हा उपाय लावू नये. तिथे टॉर्क रेंचच हवा.

काही जागी तर मोजमापाआधी रीत कळायला हवी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलं की सोडवण्याच्या नादात माणूस ते अधिकच आवळत बसतो. जुन्या काळ्या सायकलीच्या क्रँकमधली कॉटर पिन हातोडीने ठोकून बसवायची असते, तिचा नट फक्त तिला जागेवर ठेवण्यासाठी आहे. नटाच्या जोराने पिन ओढून घ्यायला गेलं की तिचे नाजूक आटे जातात आणि क्रँक ढिलाच राहतो. नव्या सायकलीचे जोड पहिल्या आठवड्यात बसत जातात, रंगाचा थर दबतो आणि ताण उतरतो, म्हणून दुकानातून आल्यावर आठवड्याने सगळे नट पुन्हा तपासावे लागतात. त्यानंतर नट आणि कण्यावर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवावी. रेघेचे दोन तुकडे जुळेनासे झाले की नट फिरला आहे हे लांबूनही दिसतं. तालुक्याच्या आयटीआयतले प्रशिक्षणार्थी जुलैच्या एखाद्या शनिवारी दोन-तीन पाने आणि एक ताणकाटा घेऊन शाळेच्या पटांगणात आले, तर एका दुपारी वर्गभर मुलींच्या सायकली तपासून होतील. अट एकच ठेवावी: प्रत्येक सायकलचा पाना तिच्या मालकिणीच्याच हातात असावा.