कौतुक नको, साडेसहाच्या आत सोडा

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक बातमी हमखास असते. पान तीन किंवा पाच. आई आणि मुलगा एकदम दहावी पास. किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी काढले साठ टक्के. किंवा दिवसा भाजीची गाडी, रात्री शाळा. सोबत पेढा भरवतानाचा फोटो आणि मथळ्यात एक ठरलेला शब्द : जिद्द. जिद्दीला सलाम, जिद्दीची भरारी, जिद्द असावी तर अशी. दुपारपर्यंत ती बातमी आमच्या हापिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, वीस जण हात जोडतात, एखादा 'आणि आपण ट्रॅफिकवरून रडतो' असं लिहितो आणि तीन वाजता सगळे स्टेटस कॉलला जातात.

मला या 'जिद्द' शब्दाचा आताशा वैताग आलाय. शब्द वाईट नाही, पण भलताच सोयीचा आहे. ज्या बाई पास झाल्या त्यांच्याकडे जिद्द होती, म्हणजे ज्या दिवाळीनंतर यायच्या बंद झाल्या त्यांच्याकडे नव्हती. संपला विषय! कोणाला काही विचारायला नको. आमच्यातली डेटावाली मंडळी एरवी सर्व्हायव्हरशिप बायसवर तासभर बोलतात, दुसऱ्या महायुद्धातल्या परत आलेल्या विमानांची आणि त्यांच्यावरच्या भोकांची गोष्ट सांगतात. तीच मंडळी इथे परत आलेल्या एका विमानाला हार घालून मोकळी होतात. पडलेली विमानं कुठे गेली, हे विचारायचं नाही.

मी गेली तीन वर्षं शनिवारी संध्याकाळी पुण्यातल्या एका रात्रशाळेत गणित शिकवायला जातो. (शाळेचं नाव लिहीत नाही. आधीच तिथे कमी कटकटी नाहीत.) म्हणून थोडं अधिकाराने बोलतोय.

ज्यांनी रात्रशाळा आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवसा मुलांची शाळा भरते तीच इमारत, तीच बाकं. साडेसहाला घंटा, साडेनवाच्या सुमारास सुटते. बाकं दहा वर्षांच्या पोराच्या मापाची, त्यामुळे पन्नाशीच्या काकांचे गुडघे बाहेर येतात. गॅरेजमधला एकोणीस वर्षांचा पोरगा, मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी, कुरियरवाला, सोसायटीत झाडलोट करणाऱ्या दोघी जावा, सगळे एकाच वर्गात. मला सगळे 'सर' म्हणतात. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा आहे, पण 'अहो, नावाने हाक मारा' म्हटलेलं त्यांना अजिबात आवडत नाही. शाळा म्हणजे शाळा.

आणि ही शाळा म्हणजे नुसता अभ्यास नव्हे. बायकांची भिशी आहे, महिना पाचशे रुपये. हिशेबाची वही त्या स्वतः लिहितात, आळीपाळीने. परीक्षेची फी भरायच्या महिन्यात चिठ्ठ्या टाकत नाहीत, ज्या बाईला गरज आहे तिला नंबर देऊन टाकतात. कोणी तीन दिवस दिसलं नाही की चौथ्या दिवशी कोणीतरी घरी जाऊन येतं. एकदा एका ताईंच्या नवऱ्याने 'आता पुरे शाळा' म्हटलं, तर वर्गातले तिघे काका त्याला भेटायला गेले. काय बोलले ते कोणी सांगत नाही, पण ताई सोमवारी वर्गात होत्या. तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, तेव्हा एका काकांनी आयुष्यातलं पहिलं भाषण केलं. चारच ओळी, स्वतः लिहिलेल्या, घाम पुसत वाचलेल्या. टाळ्या मात्र अशा की शेजारच्या बिल्डिंगमधल्यांनी खिडक्या उघडल्या!

हजेरी घेताना मी पूर्ण नाव घेतो. एक ताई म्हणाल्या, "सर, लग्न झाल्यापासून माझं अख्खं नाव तुम्हीच घेता. बाकी सगळीकडे मी कोणाची तरी आई, नाहीतर चारशे दोनमधली बाई."

यश म्हणजे काय, याबद्दल आपलं आणि त्यांचं जमत नाही ते इथेच. आपल्याला टक्के लागतात. आता एक खराखुरा किस्सा सांगतो. शेकडेवारीचा धडा चालू होता. हाउसकीपिंगचं काम करणाऱ्या एक ताई पुढच्या शनिवारी पगाराची स्लिप घेऊन आल्या. पीएफचे बारा टक्के कशावर काढतात, हे त्यांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं. मूळ पगारावर, म्हटलं. मग त्यांनी वहीत गणित मांडलं, तीनदा तपासलं आणि मान वर करून म्हणाल्या, "कापलेत बरोबर. पण दिवस बावीस लावलेत. मी सव्वीस दिवस गेलेय." कंत्राटदाराकडे त्या स्वतः गेल्या. मी येतो म्हटलं तर नको म्हणाल्या. चार दिवसांचे पैसे मिळाले, आणि त्या साइटवरच्या बाकीच्या बायकांनीही आपापल्या स्लिपा बाहेर काढल्या. या ताई पुढे दहावीला गणितात नापास झाल्या. पेपरात अर्थातच त्यांचा फोटो आला नाही. मला विचाराल तर त्या वर्षीचा आमच्या शाळेचा सर्वांत मोठा निकाल तोच होता.

असो. तर मुद्दा पडलेल्या विमानांचा.

जूनमध्ये आमच्याकडे बाकं कमी पडतात. दिवाळीनंतर मागच्या तीन ओळी रिकाम्या असतात. जिद्द काय ऑक्टोबरमध्ये संपते? मी जमेल तितक्यांना फोन करून विचारलं. आजारपण, लग्न, गाव ही कारणं आहेतच. पण पुन्हा पुन्हा येणारं उत्तर फार साधं आहे : वेळ जमत नाही. 'अभ्यासाला वेळ नाही' असं नव्हे हं, ते आपण म्हणतो. त्यांचं म्हणणं शब्दशः असतं. शाळा साडेसहाला भरते आणि काम सातला किंवा आठला सुटतं.

आता जरा आपल्या हापिसच्या गेटवर या. तुमचं कार्ड बघून 'गुड मॉर्निंग सर' म्हणणारा तो लातूर-नांदेडकडचा पोरगा आठवतोय? सकाळी सात ते संध्याकाळी सात. बारा तास. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी, आणि सुट्टी घेतली की तेवढे पैसे कट. हा पोरगा कुठल्या शाळेत जाणार? त्याच्याकडे सह्याद्रीएवढी जिद्द असली तरी सहा तीसला तो गेटवरच असणार, कारण तेव्हा तुमची गाडी बाहेर पडत असते.

विरोधाभास बघा. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली स्वतःच्या घरात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. रात्रीची का? तर शिकणारा माणूस दिवसा मोकळा नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. शिकणाऱ्याने शाळेची वेळ पाळायची, त्याआधी शाळेने त्याची वेळ पाळायची. पुढे त्याच सत्यशोधक परंपरेतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि अनेक वर्षं झगडून १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. (मी हा ब्लॉग ज्या वीकांतात लिहितो आणि तुम्ही ज्या वीकांतात वाचता, त्याचा अर्धा भाग तिथून आलाय. निदान एकदा आठवण काढायला हरकत नाही.) नंतर गिरण्यांत पहिली, दुसरी, तिसरी अशा पाळ्या आल्या. पहिल्या पाळीचा कामगार दुपारी घरी येत असे. गिरणगावातल्या रात्रशाळा त्या काळात भरल्या, त्यात नवल नाही. धूर ओकणाऱ्या गिरणीत तीन पाळ्या होत्या आणि आमच्या काचेच्या, ग्रीन बिल्डिंगचं सर्टिफिकेट मिरवणाऱ्या टॉवरच्या गेटवर दोन! याला प्रगती म्हणायचं.

सरकारचं काय, असं विचारणार असाल तर सरकारही मागे नाही. मे २०१७ च्या शासन निर्णयाने, दिवसा एका शाळेत नोकरी करून रात्रशाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळेतून कमी केलं. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना तिथे सामावून घ्यायचं, असं त्यामागचं गणित होतं. कागदावर सुटलंही असेल. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ आणि दुकानं-आस्थापनांमधली ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहणार, जास्तीच्या कामाला दुप्पट मोबदला मिळणार, असं सांगितलं गेलं. मिळू दे बापडा. पण साडेसहाची घंटा आठवड्याच्या सरासरीवर वाजत नाही, रोज वाजते. सरासरी काढून कोणी वर्गात बसू शकत नाही.

आजीबाईंची शाळा तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. म्हणजे फोटोत. मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव, ८ मार्च २०१६ ला सुरू झालेली शाळा, गुलाबी नऊवारीतल्या, पाठीला दप्तर लावलेल्या आज्या. जगभर फिरले ते फोटो. सगळ्यांना गुलाबी लुगडी दिसली. त्या शाळेची वेळ कोणाला दिसली का? दुपारी दोन ते चार. स्वयंपाक, धुणं, शेतावरची कामं उरकून बायका मोकळ्या होतात ती वेळ. ही शाळा चालली त्याचं निम्मं श्रेय मी त्या 'दोन ते चार'ला देतो. पण घड्याळाचा फोटो चांगला येत नाही ना.

यावर आमचे मित्र काय म्हणतात? पहिलं म्हणजे, 'आता ॲप आहेत, यूट्यूब आहे, मोबाइलवर शिकता येतं की.' येतं. केंद्र सरकारच्या २०२२ ते २०२७ च्या नवसाक्षरता कार्यक्रमालाही 'उल्लास' नावाचं ॲप आहे आणि स्वयंसेवक त्यावर शिकवतात, चांगली गोष्ट आहे. पण बारा तास उभं राहून आलेला माणूस दहा बाय दहाच्या खोलीत, बाजूला चौघं झोपलेली असताना, मोबाइलवर वर्गसमीकरणं सोडवेल असं ज्याला वाटतं त्याने स्वतः विकत घेतलेले ऑनलाइन कोर्स किती पूर्ण केले ते आधी सांगावं. एसीत बसून. :) आणि ॲप फार तर धडा शिकवेल. चौथ्या दिवशी घरी बघायला येणार नाही, नवऱ्याला समजवायला तिघे काका पाठवणार नाही.

दुसरं म्हणजे, 'आमची कंपनी सीएसआर करते.' हो, करते. आमच्या शाळेतही एकदा एका मोठ्या कंपनीची मंडळी आली होती. टी-शर्ट घालून आले, दप्तरं वाटली, बॅनर लावून फोटो काढले, त्या नादात दोन तास बुडाले. गंमत अशी की त्याच कंपनीच्या कॅम्पसमध्ये कंत्राटावर काम करणारे आमचे दोन विद्यार्थी त्या दिवशी गैरहजर होते. कारण? ड्युटी. दप्तरं पोचली, विद्यार्थी पोचले नाहीत.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. 'त्यांनाच बारा तास हवे असतात. आठ तासांच्या पगारात भागत नाही.' बरोबर. आठ तास करून पगार तिसऱ्या हिश्श्याने कापलात तर पहिला विरोध गार्डच करेल आणि त्याचं चुकणार नाही. म्हणून मागणी अशी हवी की पगार तोच, तास आठ. म्हणजे दोघांच्या जागी तिघे. महाग पडेल? चला, गणित करू, मास्तर आहे मी. समजा शंभर फ्लॅटची सोसायटी, एक गेट, आणि एका गार्डचा सगळा मिळून खर्च वीस हजार. तिसरा गार्ड म्हणजे महिन्याला वीस हजार जास्त. भागिले शंभर. फ्लॅटमागे दोनशे रुपये. शुक्रवारी रात्री मागवलेल्या पिझ्झाचा निम्मा भाग. गेटं दोन असतील तर अख्खा. आणि बारा तास ताटकळलेल्या गार्डपेक्षा आठ तासांचा गार्ड जागा असण्याची शक्यता जास्त, हा फायदा वेगळाच. (स्वार्थी लोकांसाठी मुद्दाम लिहिलंय.)

हेही जमत नसेल तर त्याहून सोपं आहे. तुमच्या हापिसच्या ॲडमिनवाल्याला विचारा, आपल्याकडच्या कंत्राटी लोकांपैकी शाळेत कोण जातं. त्याला माहीत नसेल. मग विचारा, जे जातात त्यांना दिवसपाळीतून सहाला सोडता येईल का, आणि परीक्षेच्या महिन्यात रातपाळी टाळता येईल का. पुढच्या वर्षीच्या कंत्राटात ही एक ओळ घालायला पैसे पडत नाहीत. घरी कामाला येणाऱ्या मावशींना विचारा, संध्याकाळच्या भांड्यांची वेळ पाचची केली तर चालेल का. आपली भांडी तशीही सिंकमध्येच पडलेली असतात.

मी आमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत तिसऱ्या गार्डचा विषय मांडला. पार्किंगवर पाऊण तास भांडून सगळे दमले होते. मागून एक काका म्हणाले, "शिकला तर गेटवर कशाला राहील तो? पुन्हा नवीन माणूस शोधा." दोघं-तिघं हसले. सेक्रेटरींनी 'विषय पुढील सभेत घ्यावा' असं लिहून घेतलं. पुढची सभा २० तारखेला आहे. त्या दिवशी आमचा गेटवरचा पोरगा दिवसपाळीत असणार आहे, म्हणून सभा सातनंतर ठेवा, असं मी लेखी कळवलंय. त्यालाही बोलायचं आहे.