दहावी पायरी

शाळांच्या गणित-प्रदर्शनात एक तक्ता बहुधा असतोच. वर १, त्याखाली ११ चा वर्ग १२१, त्याखाली १११ चा वर्ग १२३२१, असा अंकांचा मनोरा खाली रुंदावत जातो आणि नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येच्या वर्गापाशी, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१ ह्या सतरा अंकी संख्येपाशी, संपतो. संख्या खरोखर देखणी आहे. डावीकडून वाचा वा उजवीकडून, तीच. अंकांची बेरीज ८१, आणि त्याच ८१ ने तिला निःशेष भाग जातो. तिचे मूळ अवयव पाडले तर ३, ३७ आणि ३३३६६७ हे तीनच पुनःपुन्हा येतात. पाहणारा वाहवा म्हणून पुढे सरकतो. माझी तक्रार वाहवा म्हणण्याविषयी नाही. तक्ता नेमका नवव्या पायरीवरच का थांबवतात, हा माझा प्रश्न आहे.

दहा वेळा १ लिहून वर्ग करून पाहावा. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा ८ नाहीसा झाला आणि मध्ये दोन शून्ये येऊन बसली! भ्रमणध्वनीतील गणकयंत्र येथे बहुधा पहिले काही अंक दाखवून बाकीचे दहाच्या घातात गुंडाळते. तेव्हा कागदच हवा. उभा गुणाकार मांडला की एकांच्या दहा ओळी एकेक घर डावीकडे सरकलेल्या दिसतात. उजवीकडून पहिल्या उभ्या रांगेत एक, दुसरीत दोन, असे वाढत मधल्या रांगेत दहा एक जमतात. नऊपर्यंत प्रत्येक बेरीज एका अंकात मावत होती, म्हणून मनोरा सुबक राहिला. दहाचे मात्र शून्य मांडून हातचा एक न्यावा लागतो. त्यामुळे शेजारचे नऊ दहा होतात; पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचे नऊ होतात आणि तेथे हातचा विसावतो. आठ हरवलेला नाही, तो नऊ झाला आहे. (बाराच्या पटीने मोजणारी माणसे असती तर त्यांचा मनोरा अकराव्या पायरीपर्यंत ढळला नसता.)

ह्या संख्यांना 'अद्भुत डेमलो संख्या' हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिले. डेमलो म्हणजे मुंबईजवळचे डोंबिवली स्थानक. तेथे त्यांना ही कल्पना सुचली. हुबळीसारख्या रेल्वेच्या गावातील मुलांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीस शाळामास्तर होते. अनेक विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ मानले. तरी गुंजीकरांसह त्यांनी लिहिलेला डेमलो संख्यांवरील लेख १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला. धारवाडचे कर्नाटक कॉलेज त्या काळी त्याच विद्यापीठाला जोडलेले होते. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर ह्यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले.

खेळाला हसणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण खेळ अर्ध्यावर टाकून त्याला चमत्कार म्हणणाऱ्यांशीही जमत नाही. नववी पायरी पाहून मूल थक्क होते, दहावी पाहून ते 'का?' असे विचारते. तो प्रश्न टाळण्यासाठीच तक्ता आखूड ठेवायचा असेल, तर तो टांगण्यापेक्षा भिंत रिकामी बरी. पुढील प्रदर्शनात दहावी ओळ लिहावी, शेजारी उभी बेरीज मांडावी आणि हातचे तांबड्या शाईने दाखवावेत. अकराव्या ओळीचे उत्तर मी येथे देत नाही. तेथे हातचा किती घरे चालत जातो, ते ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे.